गिटारवर हार्मोनिक्स: चौथ्या फ्रेटजवळचा गंधार उतरलेला का लागतो?

मंडळी, मदत हवी आहे. स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार आठ महिन्यांपासून शिकतेय. सध्या हार्मोनिक्सचा (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेल्या स्वरांचा) सराव चालू आहे आणि दोन ठिकाणी अडलेय.

बाराव्या फ्रेटवर छान जमतं. तार दाबायची नाही, फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवायचं, छेडल्याबरोबर उचलायचं, की घंटेसारखा स्वर येतो. सातव्यावर बहुतेक वेळा येतो, पाचव्यावर कधीकधी. चौथ्यावर मात्र नुसता 'ठक्' आवाज.

दुसरी गोष्ट जास्त छळतेय. पाचव्या तारेवर, म्हणजे ए वर, चौथ्याजवळ चुकूनमाकून स्वर लागलाच तर तो सी शार्प असतो. ए हा षड्ज धरला तर गंधार. तोच सी शार्प पहिल्या तारेवर नववा फ्रेट दाबून वाजवला की चढा वाटतो, आणि दोन्ही एकदम वाजवले की आवाज हेलकावतो. ट्यूनरवर हार्मोनिक १४ सेंट (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला दिसतो. मोकळ्या तारा बरोबर लागलेल्या आहेत, तारा नव्या आहेत. दुकानात विचारलं तर म्हणाले, मान वाकली असेल, ठेवून जा.

मी आईच्या मिरजेच्या तंबोऱ्याशेजारी बसून वाढले. मला तो उतरलेला गंधार बेसूर वाटतच नाही, उलट नवव्या फ्रेटवरचा टोचतो. दोष कानाचा की गिटारचा?

प्रतिसाद १:
एवढ्यासाठी गिटार दुकानात ठेवू नका. कान बरोबर आहेत, गिटारही बरोबर आहे.

मोकळी ए ११० हर्ट्झची. चौथ्याजवळ बोट टेकवलं की तार पाच सारख्या भागांत कंप पावते, म्हणजे ५५० हर्ट्झ. फ्रेट मात्र सप्तकाचे १२ सारखे भाग पाडून बसवलेले असतात, त्यामुळे नवव्या फ्रेटवरचा सी शार्प ५५४.४ येतो. म्हणून सेकंदाला चारेक हेलकावे. तुम्हाला ऐकू येतोय तो तंबोऱ्यातला स्वयंभू, म्हणजे तारेतून आपोआप उमटणारा गंधार. सातव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकमध्येही असा फरक असतो, पण जेमतेम २ सेंटचा, म्हणून तो खटकत नाही.

'ठक्' आवाजाचं कारणही हेच. तारेचा पाचवा हिस्सा पट्टीवर पडत नाही. तार ६४८ मिमी असेल तर तो नटपासून (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) १२९.६ मिमीवर येतो, आणि चौथी पट्टी १३३.७ वर. बोट पट्टीपासून ४ मिमी नटकडे सरकवा. जागा अगदी नेमकी लागते, म्हणून सावकाश शोधा. उजवा हात ब्रिजच्या (गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात त्याच्या) जवळ न्या, वरचे स्वर तिथे जास्त उठतात.

मूळ प्रश्नकर्ती:
लागला! सलग सहा वेळा, आणि आई आतल्या खोलीतून "गंधार लागला गं" म्हणाली. मनापासून आभार. आता एक विचारू? ए मेजर वाजवताना दुसऱ्या तारेवर सी शार्प असतो. ती तार १४ सेंट उतरवून लावली तर?

प्रतिसाद १:
ए मेजर गोड लागेल, जरूर ऐकून बघा. पण लगेच ई मेजर धरा. तिथे तीच तार मोकळी वाजते आणि पंचम असते. उतरलेला पंचम तुमच्या कानांना दोन क्षणही सोसणार नाही.