‘गेट’ म्हणजे नक्की काय समजायचं?

उंबरठा
शाळेत ‘गेट’ म्हणजे ‘मिळणे’ एवढंच सांगतात. मग ‘इट्स गेटिंग डार्क’, ‘गेट होम’, ‘आय डोन्ट गेट यू’, ‘गेट युअर हेअर कट’ यांत कोणाला काय मिळतंय? शब्दकोशात अर्थांची ही लांबलचक रांग आहे, पण कुठला अर्थ कधी घ्यायचा ते त्यातून कळत नाही. पाठांतर न करता ओळखायची काही रीत आहे का? आणि लेखी इंग्रजीत हा शब्द वापरावा की टाळावा?

चष्मेवाला
‘गेट’कडे बघत बसू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा.

पुढे नाम असेल तर मिळणे किंवा आणणे. ‘आय गॉट अ लेटर’, मला पत्र आलं. ‘गेट मी सम वॉटर’, जरा पाणी आण. ‘आय डोन्ट गेट यू’ याच घरातलं: तुमचं म्हणणं हाती लागत नाही.

पुढे विशेषण असेल तर होणे, आणि इथेच जास्त चुका होतात. ‘बी’ स्थिती सांगतं, ‘गेट’ बदल सांगतं. ‘इट इज डार्क’, अंधार आहे. ‘इट्स गेटिंग डार्क’, अंधारून येतंय. ‘शी गॉट मॅरिड सिन्स २०१५’ चुकतं ते यामुळेच. लग्न एका दिवशी लागतं, ‘सिन्स’ला मात्र चालू राहिलेली स्थिती हवी असते. म्हणून ‘शी गॉट मॅरिड इन २०१५’ किंवा ‘शी हॅज बीन मॅरिड सिन्स २०१५’. (कोणाशी, हे सांगताना ‘विथ’ नाही, ‘टू’.) ‘मला उशीर झाला’चं ‘आय गॉट लेट’ होतं तेही असंच. तिथे ‘आय वॉज लेट’ म्हणतात. रात्र वाढत चालली की ‘इट्स गेटिंग लेट’.

पुढे जागा असेल तर पोहोचणे. ‘गेट टू द स्टेशन’, पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्याआधी ‘टू’ नाही. पोहोचणे या अर्थाच्या ‘रीच’ला तर ‘टू’ कधीच लागत नाही. ‘रीच्ड टू पुणे’मधला ‘टू’ हा आपल्या ‘पुण्याला’मधला ‘ला’ आहे.

‘टू’ आणि मग क्रियापद असेल तर करायला मिळणे. ‘वी गॉट टू सी द मॅच’, मॅच बघायला मिळाली. इथे मराठी आणि इंग्रजी एकाच वाटेने जातात. फक्त ‘हॅव गॉट टू’ वेगळं: ती सक्ती. बोलताना त्यातला ‘हॅव’ गिळला जातो आणि ‘आय गॉटा गो’ ऐकू येतं. म्हणजे ‘जायला मिळालं’ नव्हे, ‘जायलाच हवं’.

करून_सवरून
चष्मेवाल्यांनी खरा मासला सोडला: पुढे वस्तू आणि मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘गेट युअर हेअर कट’, केस कापून घे.

मराठीत आपण बिनधास्त ‘मी केस कापले’ म्हणतो. कात्री न्हाव्याच्या हातात होती हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की कात्री तुमच्याच हातात. दुसऱ्याकडून करवलं असेल तर ‘आय गॉट माय हेअर कट’. घर बांधणं, दात काढणं, घड्याळ दुरुस्त करणं, सगळीकडे हेच. शब्दांचा क्रमही सांभाळा: ‘आय गॉट रिपेअर्ड माय वॉच’ नाही, ‘आय गॉट माय वॉच रिपेअर्ड’.

गंमत अशी की हीच रचना अपघातालाही चालते. ‘ही गॉट हिज फिंगर्स बर्न्ट’, त्याने बोटं भाजून घेतली. मुद्दाम करवलेलं आणि ओढवून घेतलेलं, दोन्ही आपलं ‘घेणे’ही असंच पोटात घेतं. त्यामुळे मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही.

माणसाकडून काम करवायचं तर ‘गेट’ आणि ‘मेक’ यांतला फरक पाहा. ‘आय गॉट हिम टू साइन’, त्याच्याकडून सही करून घेतली, म्हणजे समजावून, गळ घालून. ‘आय मेड हिम साइन’, सही करायला लावली. ‘गेट’नंतर ‘टू’ येतो, ‘मेक’नंतर येत नाही.

उंबरठा
हे पटकन डोक्यात बसलं. मग ‘गेट डाउन फ्रॉम द बस’ चूक का? खालीच तर उतरतो.

तिकीट_प्लीज
‘खाली उतरणे’चं ते शब्दशः भाषांतर. झाड, शिडी, भिंत यांवरून ‘गेट डाउन’. बस, ट्रेन, विमान यांत ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. कार, टॅक्सी, रिक्षा यांत ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. ज्यात उभं राहून चालता येतं किंवा ज्यावर टांग टाकून बसतात (सायकल, घोडा) त्याला ‘ऑन’, जिथे वाकून शिरायचं त्याला ‘इन’. म्हणून जहाजाला ‘ऑन’, छोट्या होडीला ‘इन’.

अशा जोडशब्दांना मराठी वाक्प्रचार शोधला की ते विसरत नाहीत. ‘गेट अवे विथ’: पचणे. ‘गेट अराउंड टू’: मुहूर्त लागणे. ‘गेट बाय’: भागणे. ‘गेट थ्रू’: फोन लागणे. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’: तुमचा रोख कुठे आहे? ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे त्यातून सावरणे, पण ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे एकदाचं उरकून टाकणे. ‘वेक अप’ आणि ‘गेट अप’ यांची गल्लत नको: जाग येणं वेगळं, अंथरूण सोडणं वेगळं.

जुनी_वही
‘गॉटन’ राहिलं. अमेरिकेत ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ आहे, ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळालं किंवा झालं. ब्रिटनमध्ये सहसा दोन्हीला ‘गॉट’. हे रूप अमेरिकनांनी घडवलेलं नाही. ते इंग्लंडमधलंच जुनं, तिथे मागे पडलेलं. ‘फरगॉटन’मध्ये ते तिथेही शाबूत आहे. मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, ‘गेटा’.

लेखी वापराबद्दल: अर्जात, अहवालात, परीक्षेच्या निबंधात ‘गेट’ सैल वाटतं. तिथे ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’ यांतलं अर्थाला बसेल ते घ्या. मात्र घरच्या पत्रात किंवा मेसेजमध्ये ‘आय ऑब्टेन्ड युअर गिफ्ट’ लिहाल तर सरकारी नोटीस वाटेल. आणि ‘गेट मॅरिड’ला कुठेच हात लावू नका, ‘बिकेम मॅरिड’ कोणी म्हणत नाही.