उंदराच्या स्नायूतील ग्लुट-४ : वेस्टर्न ब्लॉटमधील ५० किलोडाल्टनच्या बँडवर विश्वास ठेवावा का?

प्रश्न – पोटरी_आणि_पिपेट

नमस्कार. मी पुण्यात पीएचडी करते. उंदराच्या पोटरीच्या स्नायूत ग्लुट-४ किती आहे, हे मला वेस्टर्न ब्लॉटने (प्रथिने जेलवर वस्तुमानानुसार वेगळी करून, पडद्यावर उतरवून, हवे ते अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) मोजायचे आहे. इन्सुलिनच्या इशाऱ्यावर पेशीच्या आतून पटलावर येणारे आणि रक्तातील ग्लुकोज आत घेणारे हे प्रथिन असल्यामुळे माझ्या प्रकल्पाचा सगळा भार त्याच्यावरच आहे. प्रयोगशाळेत आधीपासून असलेली माऊस मोनोक्लोनल अँटिबॉडी (उंदरापासून बनवलेली, प्रथिनाच्या एकाच जागेला बांधली जाणारी) मी १:१००० या प्रमाणात वापरली आणि नमुने लॅम्ली बफरमध्ये (प्रथिने उलगडणाऱ्या द्रावणात) ९५ अंशांवर पाच मिनिटे उकळले. ५० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वस्तुमानाचे एकक) आसपास एक रेखीव बँड आला, त्यामुळे सुरुवातीला फार आनंद झाला. मात्र ज्याला मी निगेटिव्ह कंट्रोल (ग्लुट-४ नसलेला तुलनेचा नमुना) समजत होते, त्या यकृताच्या लेनमध्येही तोच बँड आला आणि तो स्नायूपेक्षा गडद आहे. शिवाय स्नायूच्या लेनमध्ये विहिरीच्या (जेलमधल्या नमुना भरायच्या खाचेच्या) तोंडाशीच काळा पट्टा अडकलेला दिसतो. इन्सुलिन टोचून ३० मिनिटांनी काढलेल्या स्नायूत आणि न टोचलेल्या स्नायूत काहीच फरक नाही. अँटिबॉडी खराब झाली असेल, की माझेच काही चुकते आहे?

उत्तर १ – पटलप्रथिने

विहिरीत अडकलेल्या पट्ट्यापासून सुरुवात करू, कारण त्याचे कारण बहुधा नमुना उकळणे हेच आहे. ग्लुट-४ हे ५०९ अमिनो आम्लांचे प्रथिन पटलातून बारा वेळा आरपार जाते. त्याचा एवढा मोठा भाग पाण्याला टाळणारा असल्यामुळे ९५ अंशांवर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि तो गोळा जेलमध्ये शिरतच नाही. अशा प्रथिनांचे नमुने ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून थेट जेलवर चढवावेत. उकळलेला नमुना पुन्हा थंड करून उपयोग होत नाही. उणे ८० अंशांवर ठेवलेले मूळ लायसेट (ऊतकातून काढलेला प्रथिनांचा अर्क) असेल तर त्यातूनच नव्याने सुरुवात करा.

आणखी एक गोष्ट आपल्याच वर्णनात दडलेली आहे. ग्लुट-४ वर साखरेची साखळी जोडलेली असल्यामुळे त्याचा बँड सहसा रुंद आणि थोडा पसरट येतो, आणि अमिनो आम्लांवरून काढलेले वस्तुमान सुमारे ५५ किलोडाल्टन असले तरी जेलवर तो त्याच्या खाली, ४५ ते ५० च्या दरम्यान दिसतो. त्यामुळे आपण "रेखीव" असा शब्द वापरलात तेव्हाच मला शंका आली.

उत्तर २ – सेकंडरी_आधी

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण यकृतातल्या बँडचा उलगडा उकळण्याने होत नाही. ऊतक उंदराचे आहे आणि प्रायमरीही (ग्लुट-४ ला बांधली जाणारी पहिली अँटिबॉडी) उंदराची आहे. अशा वेळी अँटी-माऊस सेकंडरीला (उंदराच्या अँटिबॉडीला बांधली जाऊन बँड दाखवणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीला) आपली प्रायमरी कोणती आणि ऊतकात उरलेल्या रक्तातील उंदराचे स्वतःचे इम्युनोग्लोब्युलिन (त्याच्या शरीरातील नैसर्गिक अँटिबॉडी) कोणते, हे कळण्याचा काही मार्गच नसतो. त्या इम्युनोग्लोब्युलिनची जड साखळी नेमकी ५० किलोडाल्टनला आणि हलकी साखळी २५ ला येते. यकृतात रक्त भरपूर असते, म्हणूनच तिथला बँड गडद असावा. ब्लॉटवर २५ पाशी काही दिसते का, ते नक्की पाहा. बहुतेक जण पडद्याचा तो भाग कापून टाकतात आणि पुरावाही त्याच्याबरोबर कचऱ्यात जातो.

पडताळणी स्वस्त आहे. त्याच नमुन्यांची एक पट्टी प्रायमरी न लावता केवळ सेकंडरी लावून विकसित करा. बँड तरीही आला, तर तो ग्लुट-४ नाही. पुढच्या वेळी ऊतक काढण्यापूर्वी सलाइनने रक्त धुऊन काढा, आणि शक्य असल्यास प्रथिनाच्या सी-टोकाविरुद्ध (साखळीच्या शेवटच्या टोकाविरुद्ध) तयार केलेली, सशाची अँटिबॉडी घ्या. माऊस प्रायमरीच वापरायची असेल, तर फक्त हलकी साखळी ओळखणारी सेकंडरी घेतल्यास ५० चा गोंधळ टळतो. सध्याच्या अँटिबॉडीला एवढ्यावरून वाईट ठरवू नका. १९८८ मध्ये ग्लुट-४ ची ओळख पटली तीच १एफ८ नावाच्या माऊस मोनोक्लोनल अँटिबॉडीमुळे, आणि त्याचे जनुक त्यानंतरच्या वर्षी हाती आले.

उत्तर ३ – थ्रीटीथ्री_एलवन

इन्सुलिनच्या मुद्द्याकडे दोघांनीही लक्ष दिलेले नाही. अर्ध्या तासात इन्सुलिन ग्लुट-४ चे एकूण प्रमाण वाढवत नाही, तर आतल्या पुटिकांमधले प्रथिन पटलावर आणते. त्यामुळे संपूर्ण लायसेटमध्ये फरक न दिसणे हेच अपेक्षित आहे. फरक हवा असेल तर पटलाचा अंश वेगळा करून मोजावा लागेल. इन्सुलिनचा परिणाम झाला होता की नाही, हे त्याच लायसेटमध्ये एकेटी या इन्सुलिनच्या इशाऱ्याने सक्रिय होणाऱ्या प्रथिनाच्या सेरीन ४७३ या जागेवरील फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट जोडले जाणे) पाहून कळेल.

कंट्रोल म्हणून हृदयाचा नमुना ठेवा, त्यात ग्लुट-४ भरपूर असते. त्याहून चांगली जोडी ३टी३-एल१ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या उंदराच्या पेशींची आहे, कारण चरबीपेशींत रूपांतर होण्यापूर्वी त्यांत ग्लुट-४ जवळजवळ नसते आणि रूपांतरानंतर ठळक दिसते. विक्रेते ब्लॉकिंग पेप्टाइडचा (अँटिबॉडी ज्या तुकड्याविरुद्ध बनवली तोच तुकडा आधी मिसळून तिला अडवण्याचा) आग्रह धरतात, पण मला तो पुरावा अपुरा वाटतो: पेप्टाइडने बँड गेला तर अँटिबॉडी त्या तुकड्याला बांधली जाते एवढेच सिद्ध होते, आणि तसाच तुकडा दुसऱ्या प्रथिनातही असू शकतो.

पोटरी_आणि_पिपेट (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. काल केवळ सेकंडरी लावलेली पट्टी विकसित केली: यकृतात ५० चा बँड जसाच्या तसा आला, आणि २५ ला दुसराही दिसला. ३७ अंशांवर ठेवलेल्या नमुन्यांमध्ये विहिरीतला पट्टा नाहीसा झाला, आणि दोन्ही अँटिबॉडी लावलेल्या पडद्यावर हृदयाच्या लेनमध्ये ५० च्या किंचित खाली एक पसरट बँड आला, जो केवळ सेकंडरीच्या पट्टीवर नाही. सशाची अँटिबॉडी मागवली आहे. जुन्या ब्लॉटवरून काढलेला आलेख पुढच्या आठवड्याच्या सादरीकरणात होता, तो आज सकाळी मी काढून टाकला.