सिबिलाइन म्हणजे फक्त गूढ नाही
सिबिलाइन (sibylline) या इंग्रजी शब्दाचा अर्थ नुसतं गूढ, कोड्यात बोललेलं, असा सांगितला जातो, पण ते मला अर्धंच पटतं, कारण मुळात तो शब्द सिबिलवरून, म्हणजे ग्रीक-रोमन जगातल्या भविष्य सांगणाऱ्या बाईवरून आलाय, गूढपणा नंतर चिकटला.

आणि रोमची दंतकथा इथे यायलाच हवी. सिबिल टार्क्विन राजाकडे भविष्यवाणीचे 9 ग्रंथ विकायला येते, तो किंमत ऐकून नाही म्हणतो, ती 3 जाळते, मग अजून 3, आणि उरलेले 3 त्याला 9 च्याच किमतीला घ्यावे लागतात, फार जबरदस्त गोष्ट आहे ही! पुढे संकट आलं की सिनेटच्या हुकमाने ते उघडायचे, पण त्यात शोधायचे ते मुख्यतः देवांना शांत करायचे विधी. इ.स.पू. 83 मध्ये ज्युपिटरच्या देवळाच्या आगीत ते जळाले.