मदत हवी आहे: ऑरेंज पाय पीसीवर सीपीयूची फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज खाली येतच नाही, कर्नल कॉन्फिगमध्ये काय राहिलंय?

नमस्कार मंडळी,

लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ज्यांनी हात घातलाय त्यांनी प्लीज बघा, मी पूर्ण अडकलोय.

जालन्याजवळ आमच्या शेततळ्याच्या कडेला एक ऑरेंज पाय पीसी, म्हणजे एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, बसवलाय. ऑलविनरची एच३ चिप, चार कॉर्टेक्स ए७ कोअर, १ जीबी रॅम. यूएसबीवरून आरएस४८५ चे (लांब वायरवर चालणाऱ्या जोडणीचे) सेन्सर जोडलेत, मातीतला ओलावा आणि तळ्याची पातळी, थोड्या थोड्या वेळाने रीडिंग घ्यायचं आणि डोंगलवरून पाठवायचं, बाकी वेळ बोर्ड नुसता बसून असतो. वीज सोलर पॅनल आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची. म्हणजे काम जवळजवळ नाहीच, तरी ढगाळ दिवस आला की पहाटेपर्यंत बॅटरी उतरते आणि दुपारी पत्र्याची पेटी उघडून हीटसिंकला बोट लावलं तर चटका बसतो. वडील सकाळी मोबाइलवर पातळी बघून मोटर चालू करायची की नाही ते ठरवतात, त्यामुळे रात्री बोर्ड बंद पडला की सगळंच अडतं.

कर्नल मेनलाइन (मूळ अधिकृत) ६.६, स्वतः कंपाइल केलेला, कॉन्फिग मुद्दाम छोटं ठेवलंय, डिस्प्ले नाही, साउंड नाही, वायफाय नाही. सीपीयू फ्रिक्वेन्सी स्केलिंग ऑन आहे, डिव्हाइस ट्रीवर (बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) चालणारा सीपीयूफ्रेक-डीटी ड्रायव्हर बिल्ट-इन आहे, मॉड्यूल नाही, आणि गव्हर्नर, म्हणजे कधी किती फ्रिक्वेन्सी ठेवायची ते ठरवणारे, सगळेच्या सगळे घेतलेत. तरी सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलरूपात दिसतात ती जागा) सीपीयू०च्या आत सीपीयूफ्रेक नावाचं फोल्डरच येत नाही! सीपीयूपॉवर टूल म्हणतं ड्रायव्हरच चालू नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) एक ओळ एररची नाही, खरंच एकही नाही. डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या आतली माहिती दाखवणारी जागा) क्लॉकच्या यादीत सीपीयूएक्स क्लॉक कायम १००८ मेगाहर्ट्झ, मल्टिमीटरने कोअरचं व्होल्टेज मोजलं तर कायम १.२ व्होल्ट.

डिव्हाइस ट्री मी उघडून पाहिली, ओपीपी टेबल (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती व्होल्टेज त्याची यादी) आहे त्यात, ४८०, ६४८, ८१६ आणि १००८ मेगाहर्ट्झ, प्रत्येकासमोर व्होल्टेज लिहिलेलं. मग कर्नल ते वापरत का नाही? आणि एक, चारपैकी एकच कोअर १००८ वर आणि बाकीचे ४८० वर असं ठेवता येईल का?

प्रतिसाद

डीमेसेज गप्प आहे हीच खूण आहे. ड्रायव्हर फेल झाला असता तर ओरडला असता, हा वाट बघत थांबलाय.

डीबगएफएस माउंट करा आणि त्यात डिव्हाइसेस-डिफर्ड नावाची फाइल आहे ती वाचा. तिथे सीपीयूफ्रेक-डीटी दिसला तर कोडं सुटलं.

होतं काय, तुमच्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये सीपीयू०ला सीपीयू-सप्लाय म्हणून एक रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज पुरवणारी चिप, जोडलेला आहे. ऑरेंज पाय पीसीवर तो म्हणजे सिलर्जीची एसवाय८१०६ए चिप. सीपीयूफ्रेक-डीटी सुरू होताना रेग्युलेटर मागतो, रेग्युलेटरचा ड्रायव्हरच कर्नलमध्ये नसेल तर त्याला उत्तर मिळतं की अजून आलेला नाही, नंतर ये. मग कर्नल त्याला रांगेत ठेवतो. आणि तो ड्रायव्हर कधीच येणार नसेल तर रांग काही हलत नाही. फक्त सीपीयू फ्रिक्वेन्सीचा मेनू बघून हे कळणं अवघडच आहे, कारण गरज दुसऱ्याच मेनूतल्या गोष्टीची आहे.

मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत) व्होल्टेज अँड करंट रेग्युलेटर सपोर्टमध्ये जा, सिलर्जी एसवाय८१०६ए बिल्ट-इन करा. ती चिप आयटूसीवर (चिप एकमेकींशी बोलतात ती दोन तारांची लाइन) बसलेली आहे, पत्ता हेक्समध्ये ६५, तेव्हा आयटूसीचा ड्रायव्हरही लागेल, आणि तो ऑलविनरच्या नावाखाली शोधलात तर सापडणार नाही, मार्व्हेल एमव्ही६४एक्सएक्सएक्स या नावाखाली आहे, ऑलविनरच्या चिपमध्ये तोच चालतो. अनेकजण तिथेच अडकतात.

एकच कोअर १००८ वर ठेवायचं विचारलंत, तर तसं जमणार नाही. टेबलमध्ये ओपीपी-शेअर्ड लिहिलंय बघा, चारही कोअरना क्लॉक एक आणि व्होल्टेजची लाइन पण एकच. काम कमी असेल तर दोन-तीन कोअर सरळ ऑफलाइन करा, प्रत्येक सीपीयूच्या फोल्डरमध्ये ऑनलाइन नावाची फाइल असते त्यात शून्य लिहायचं.

धागाकर्ता

दादा, अगदी तेच निघालं. डिफर्डच्या यादीत सीपीयूफ्रेक-डीटी एकटाच बसलेला होता. आयटूसीचा ड्रायव्हर होताच, एसवाय८१०६ए टाकला, बूट केलं, फोल्डर आलं. आता निवांत असताना ४८० मेगाहर्ट्झ आणि मीटरवर १.०४ व्होल्ट, कंपाइलचा लोड टाकला की लगेच १००८ आणि १.२०. हे मीटरवर डोळ्यांनी बघताना फार भारी वाटलं. मनापासून धन्यवाद.

आता पुढचं. गव्हर्नर कुठला ठेवू? सध्या परफॉर्मन्स, पॉवरसेव्ह, ऑनडिमांड, कन्झर्व्हेटिव्ह, युजरस्पेस, शेडयुटिल सगळे दिसतायत. मला वाटतंय पॉवरसेव्ह करून कायम ४८० वर बांधून टाकावं, बॅटरी सगळ्यात जास्त त्यानेच वाचेल ना? आणि ओपीपी टेबलमध्ये २४० मेगाहर्ट्झ ०.९ व्होल्ट अशी नवी ओळ टाकली तर?

प्रतिसाद

यात जरा गणित करून बघू, कारण पॉवरसेव्ह म्हणजे बचत असं नाव वाचून वाटतं पण तो गव्हर्नर फक्त सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी धरून बसतो, बाकी काही करत नाही.

स्विचिंगला लागणारी पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात असते. १.२ वरून १.०४ ला आलात की वर्गाचं गुणोत्तर साधारण ०.७५. फ्रिक्वेन्सी १००८ वरून ४८० म्हणजे साधारण ०.४८. दोन्ही गुणले की ०.३६, म्हणजे त्या क्षणाची पॉवर जवळजवळ एक तृतीयांशावर. पण तेच काम पूर्ण व्हायला वेळ दुपटीहून जास्त लागतो! त्यामुळे एका कामामागे वाचलेली एनर्जी फक्त व्होल्टेजमुळे वाचलेली, म्हणजे पाव हिस्सा, आणि त्यातूनही लांबलेल्या वेळात डोंगल आणि सेन्सर जागे राहणार असतील तर त्यांचा खर्च वजा करा. तुमच्याकडे डोंगल आहे, तो चालू असताना बोर्डाच्या मानाने चांगलाच करंट घेतो, त्यामुळे रीडिंग पाठवायचं काम पटकन उरकून डोंगल बंद करण्यात जास्त फायदा असू शकतो. हे दोन्ही प्रकारे मोजूनच ठरवा, बॅटरीच्या वायरमध्ये मीटर लावून.

माझं मत शेडयुटिल. ४.७ कर्नलपासून, म्हणजे २०१६ पासून आहे. ऑनडिमांड ठराविक वेळाने डोकावून बघतो की सीपीयू किती बिझी होता, शेडयुटिलला ते शेड्युलरकडूनच (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग) कळतं आणि तो गरजेपेक्षा पाव हिस्सा जास्तीची जागा धरून फ्रिक्वेन्सी मागतो. कन्झर्व्हेटिव्ह हळूहळू पायऱ्या चढतो, तुमच्यासारख्या एकदम येणाऱ्या छोट्या कामाला तो उपयोगाचा नाही, तो वर पोचेपर्यंत काम संपलेलं असतं.

अजून एक गोष्ट, प्रत्येक बदलाला किंमत आहे. वर जाताना आधी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि मग क्लॉक, खाली येताना आधी क्लॉक आणि मग व्होल्टेज, नाहीतर कमी व्होल्टेजवर जास्त वेगाने पळायची वेळ येते आणि सिस्टिम कोसळते. हा क्रम कर्नल सांभाळतो. पण व्होल्टेज आयटूसीवरून बदलतं आणि या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये रॅम्प डिले (व्होल्टेज चढण्याचा वेग) मायक्रोसेकंदाला २०० मायक्रोव्होल्ट लिहिलाय, म्हणजे १.०४ ते १.२ हे १६० मिलिव्होल्ट चढायला ८०० मायक्रोसेकंद. सतत वरखाली होत राहिलं तर ते भोवतं. कॉन्फिगमध्ये फ्रिक्वेन्सी स्टॅटिस्टिक्सचा पर्याय चालू करा, स्टॅट्स फोल्डरमध्ये टाइम-इन-स्टेट मिळेल, दहा मिलिसेकंदाच्या एककात, आणि एकूण किती वेळा बदल झाला तो आकडा पण. एक रात्र चालू ठेवून सकाळी ते वाचा, मग बोला गव्हर्नर बरोबर आहे की नाही.

प्रतिसाद

०.९ व्होल्टची ओळ टाकू नका, कळकळीने सांगतोय. रेग्युलेटरची चिप खाली ०.६८ व्होल्टपर्यंत १० मिलिव्होल्टच्या पायरीने जाऊ शकते हे खरं, पण बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये रेग्युलेटरची किमान मर्यादा १.० व्होल्ट ठेवलीय. तुम्ही ओळ टाकलीत तरी कर्नल ती रेग्युलेटरला झेपत नाही असा वॉर्निंग देऊन बाजूला करेल. मग लोक ती मर्यादाच खाली ओढतात, आणि तिथून खरा त्रास सुरू होतो, कारण कमी व्होल्टेजवर बोर्ड दरवेळी सरळ हँग होतोच असं नाही, एखादा बिट चुकतो आणि पुढे चालत राहतो. तुमच्याकडे पातळीचा आकडा चुकीचा गेला आणि त्यावर मोटर चालू झाली तर? प्रत्येक चिप वेगळी असते, टेबलमधले आकडे त्यासाठी मार्जिन ठेवून दिलेत.

आणि चटक्याचं म्हणालात त्याबद्दल. इतके दिवस सीपीयूफ्रेक नव्हता म्हणजे थर्मलचं थ्रॉटलिंग, म्हणजे तापल्यावर वेग कमी करणं, पण नव्हतं. एच३ च्या डिव्हाइस ट्रीमध्ये ८० अंशांना फ्रिक्वेन्सी कमी करायचा ट्रिप पॉइंट (ठरवलेली तापमानाची मर्यादा) आहे आणि १०० अंशांना सरळ बंद करायचा. पहिला चालण्यासाठी सीपीयूफ्रेक लागतोच, शिवाय कॉन्फिगमध्ये ऑलविनरचा थर्मल सेन्सरचा ड्रायव्हर आणि सीपीयू फ्रिक्वेन्सी कूलिंग हे दोन्ही हवेत. वैशाखात पत्र्याच्या पेटीत हे नसेल तर दुपारी बोर्ड नुसता गरम होत जाईल, आणि सेन्सरचा ड्रायव्हरच नसेल तर १०० अंशांचं शटडाउनही होणार नाही. थर्मल झोनच्या फोल्डरमध्ये तापमान येतंय का बघा, हजाराने भागायचं, ते मिलीअंशात असतं. पेटी सावलीत हलवा आणि बाहेरून पांढरा रंग मारा, तेही करा.

धागाकर्ता

०.९ चा विचार पूर्ण सोडला, मोटरचा मुद्दा पटला. थर्मलचे दोन्ही पर्याय माझ्या कॉन्फिगमध्ये नव्हते, आता घातलेत, तापमान दिसतंय. शेडयुटिल लावलाय आणि डोंगल फक्त पाठवताना चालू करतोय, दोन कोअर ऑफलाइन. एकच अडचण, रिबूट झाला की गव्हर्नर परत परफॉर्मन्सवर जातो, स्क्रिप्ट टाकू का?

प्रतिसाद

स्क्रिप्टची गरज नाही. कर्नल कमांड लाइनला सीपीयूफ्रेक डॉट डिफॉल्ट-गव्हर्नर बरोबर शेडयुटिल असं द्या, मधला डॅश अंडरस्कोर समजा, ५.९ पासून चालतं. किंवा कंपाइल तुम्हीच करताय तर डिफॉल्ट गव्हर्नर मेनूकॉन्फिगमध्येच बदलून टाका. कोअर ऑफलाइन करायची ओळ मात्र बूटनंतरच लिहावी लागेल, किंवा कमांड लाइनला मॅक्ससीपीयूज बरोबर २ द्या.