कन्हानच्या गाळाचं कार्बन डेटिंग: नमुना कोणता पाठवू?

गाळवेडा:
नमस्कार मंडळी. नागपुरात भूशास्त्रात एम.एस्सी. करतोय. कामठीच्या खाली कन्हानच्या उभ्या काठात बारीक काळ्या कणांचा पट्टा सापडलाय, वर पिवळट गाळ, खाली कंकर (मातीतले चुन्याचे खडे). शिंपलेही आहेत. पट्ट्याची माती खरवडून सी-१४ (कार्बन-१४) तपासणीला पाठवली तर चालेल का? पैसे एक-दोन नमुन्यांपुरतेच.

वैनगंगाकाठी:
माती नको रे भाऊ! आधी ते काळे कण भिंगाखाली धर. लाकडाच्या कोळशात पेशींची जाळी दिसते, तो हलका असतो, चिमटीत चुरगळतो. चकचकीत, जड, टोकदार कण निघाले तर तो खाणपट्ट्यातून वाहून आलेला गोंडवाना दगडी कोळसा. पंचवीस कोटी वर्षांहून जुना, त्यात सी-१४ शिल्लकच नाही. प्रयोगशाळेतल्या आम्ल-अल्कलीच्या धुलाईनेही तो जात नाही. नमुन्यातल्या कार्बनमध्ये असा मेलेला कार्बन १ टक्का असला तरी वय ८० वर्षांनी फुगतं, १० टक्के असला तर साडेआठशेच्या आसपास. आपल्याकडच्या नद्यांना हा धोका फार.

शिंपले सोडून दे. कंकरातला जुना चुना पाण्यात विरघळून त्यांच्या कवचात जातो, मग वय खऱ्यापेक्षा जास्त निघतं.

पुराणवस्तू:
लाकडाचा कोळसा निघाला तरी जपून. म्हाताऱ्या झाडाच्या गाभ्याचा असेल, किंवा वरचा काठ ढासळून पुन्हा वाहून आलेला. त्याचं वय म्हणजे थराच्या वयाची जुनी हद्द, थर त्याहून जुना नाही, एवढंच समजायचं. बी, पान, बारीक काडी मिळाली तर तीच पाठव. एएमएसला (सी-१४चे अणू थेट मोजायची पद्धत) काही मिलिग्रॅम पुरतात. सोय दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरला आहे, अहमदाबादच्या पीआरएललाही (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी). दर आणि रांग आधी विचारून घे. दोन नमुने परवडत असतील तर दोन्ही याच थरातले दे. वय जुळलं नाही तर निदान कळेल तरी.

गाळवेडा:
आणि काडीकचरा काहीच मिळाला नाही तर?

वैनगंगाकाठी:
मग ओएसएल, म्हणजे प्रकाश पाडून वाळूचं वय काढायची पद्धत. वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते त्यात कळतं. लोखंडी नळी काठात ठोकायची, दोन्ही तोंडं लगेच काळ्या कापडाने बंद. तसंही सी-१४ पन्नास हजार वर्षांपलीकडे आंधळं. पूर्णा नदीच्या गाळातली टोबा ज्वालामुखीची (सुमात्रा) राख ७४ हजार वर्षांची, तिथे ते काय करणार!

गाळवेडा:
काडी सापडलीच तर कापसात गुंडाळू?

पुराणवस्तू:
कापूस, कागद दोन्ही नको, त्यांचे तंतू म्हणजे आजचा कार्बन. वाळव, अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये ठेव, मग पिशवीत. ओलं ठेवलंस तर बुरशी धरेल.