'सुशोभीकरण', 'भूदृश्य' आणि आपला साधा पार

आमच्या सोसायटीला लागून मोकळा भूखंड आहे. तिथे 'उद्यान सुशोभीकरण' असा फलक लागलाय. अजून एक रोप लावलेलं नाही, मग सुशोभित करणार काय? आणि लँडस्केप आर्किटेक्चरला मराठीत काय म्हणावं? 'भूदृश्य वास्तुकला' वाचलं, पण तोंडात बसत नाही.

—

न बसण्याचं कारण त्यातलं 'दृश्य'. या कामातलं निम्मं तर दिसतच नाही: जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा, मातीची खोली, मे महिन्यात दुपारी सावली कुठे पडेल. मी 'परिसररचना' म्हणतो. इंग्रजी शब्दही काही धड नाही. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडमुळे हे नाव रूढ झालं, आणि १८६५ सालच्या एका पत्रात तोच त्यावर वैतागलाय. लँडस्केप हा शब्द बरा नाही, आर्किटेक्चरही नाही आणि दोन्ही जोडून तर नाहीच, असं त्याचं म्हणणं.

'सुशोभीकरण'बद्दल: 'सुशोभन' असताना 'करण' कशाला? पण खरी खोट व्याकरणात नाही. या शब्दाच्या पोटात पेव्हर ब्लॉक, रंगवलेले दगड, फायबरचं हरीण, सगळं मावतं. झाड तेवढं मावेलच असं नाही.

—

'उद्यान' हा शब्द मात्र अर्थाने सुरेख. उद् + यान, म्हणजे बाहेर पडणं, फिरायला निघणं. 'बगीचा' फारसीतला, मूळ अर्थ छोटी बाग. मराठीत आल्यावर त्याचं लहानपण गळून पडलं.

—

बाग ती की तो? आमच्या घरी आजी 'राणीचा बाग' म्हणायची, आई 'राणीची बाग' म्हणते.

—

दोन्ही चालतं. भायखळ्याची ती बाग १८६२ पासूनची. आता अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला अजून राणीची बागच सांगावी लागते.

आणि 'लॉन'चं काय झालं पाहिलंत? आमच्या पुण्याकडे 'लॉन्स' म्हणजे लग्नाचं कार्यालय. गवतासाठी 'हिरवळ' होताच, तो आता कवितेपुरता उरला.

—

मूळ प्रश्नकर्ता मीच. नकाशा बघायला मिळाला. त्यात 'ट्री प्लँटर विथ सीटिंग' आहे. याला प्रतिशब्द?

—

अहो, पार! वडा-पिंपळाभोवती शेकडो वर्षं बांधतोय आपण. फक्त काँक्रीट खोडाला भिडवू देऊ नका. आत ऐसपैस आळं सोडायला सांगा, मुळांना पाणी आणि हवा मिळायला हवी. वाफा, ताटवा, आळं हे शब्द माळीबुवांना रोज लागतात. नकाशावर ते का येत नाहीत, हे कोडंच आहे.

—

सांगितलं. साइटवरचा गवंडी 'ट्री प्लँटर' ऐकून नुसता बघत राहिला होता. पार म्हटल्यावर एवढंच विचारलं, "उंची किती घेऊ?"