मदत हवी आहे: अंदमान, एकटीने, सहा रात्री. आखणी जमतेय का?

दादरची भाकर (अमळनेर):
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एकटीच अंदमानला जातेय. पोहता येत नाही, शाकाहारी आहे. आखणी अशी:

दिवस 1: दुपारी पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल. 2: बाराटांग. 3: रॉस बेट, खरेदी. 4: दुपारच्या बोटीने हॅवलॉक, संध्याकाळी राधानगरचा सूर्यास्त. 5: नील, रात्री परत हॅवलॉक. 6: एलिफंट बीच. 7: सकाळी सहाला स्कूबा (हवेची टाकी लावून समुद्रात डुबकी), साडेनऊची बोट, दोनचं विमान.

चेन्नईपर्यंत रेल्वेने जायचा विचार आहे. यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

तापीकाठ:
ताई, सातवा दिवस आधी खोडा. स्कूबानंतर 18 तास तरी विमानात बसायचं नसतं. खोल पाण्यात दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. वर विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात, आणि ते सांध्यात किंवा मज्जारज्जूत अडकले तर प्रकरण गंभीर. दुसरं म्हणजे बेटावरून निघून त्याच दिवशी विमान पकडायचं नाही. जानेवारीत समुद्र बहुधा शांत असतो, पण कमी दाबाचा पट्टा आला की बोटी रद्द होतात. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा.

चौथ्या दिवसाची चूक घड्याळातली आहे. घड्याळ आपलंच चालतं, पण बेटं जळगावच्या सतराएक अंश पूर्वेला. त्यामुळे जानेवारीअखेरीस तिथे सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान सूर्य मावळतो. अमळनेरला तोच सव्वासहाच्या सुमारास मावळतो. दुपारच्या बोटीने उतरून, खोलीत सामान टाकून, बारा किलोमीटरवरच्या राधानगरला पोहोचेपर्यंत अंधार. साडेतीनला वाळूवर असाल तर ठीक. परतीचा रस्ता झाडीतून, दिवे नाहीत. रिक्षा दोन्ही बाजूंची ठरवा आणि थांबवून ठेवा, तिथे वाट बघत बसू नका.

मी असं करेन: दिवस 1 जेल (आवाज-प्रकाशाचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी). 2 सकाळच्या पहिल्या बोटीने हॅवलॉक, तीन रात्री. 5 नील, एक रात्र. 6 दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअर, वेळ उरला तर रॉस. 7 विमान. बाराटांग गाळा. पहाटे तीन-चारला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्याची वाट बघायची, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून न थांबता जायचं (तिथे फोटोला सक्त बंदी), आणि हाती लागतात चुनखडीच्या गुहा नि चिखलाचा ज्वालामुखी. सहा रात्रींत परवडत नाही.

तिकिटावर नवी नावं दिसली तर गोंधळू नका. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप (2018 पासून), आणि पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम. बोटीवर मूळ ओळखपत्र बघतात, तिकिटावर नाव आधारवर आहे तसंच टाका.

यार्ड नंबर तीन (भुसावळ):
नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार-जळगाव-भुसावळ करत थेट चेन्नई सेंट्रलला जाते, जवळजवळ एक दिवस लागतो. सेंट्रलहून विमानतळापर्यंत मेट्रो आहे. पण गाडी पोहोचायची त्याच दिवशीचं विमान काढू नका, घाई कशाले भो! चेन्नईत एक रात्र धरा. विमान साधारण सव्वादोन तासांचं आहे. जहाजाला तीन दिवस लागतात, त्या फंदात पडू नका.

केळीचं पान (रावेर):
स्कूबाबद्दल. पहिल्या वेळच्या डुबकीला पोहता यावं लागत नाही, प्रशिक्षक धरून नेतो आणि 12 मीटरच्या खाली नेत नाही. आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार लपवू नका. सर्दी असेल तर डुबकी रद्दच करा, कान मोकळे होत नाहीत.

कान दुखायच्या *आधीच* नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, उतरताना दर मीटरभराला. दुखलं तर पंजा आडवा डावी-उजवीकडे हलवून दाखवा, थोडं वर घेतील. जोर लावून खाली जाऊ नका, पडदा फाटतो. आणि पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'वर चला' होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. पहिलटकर आनंदाने अंगठा दाखवतात आणि दोन मिनिटांत किनाऱ्यावर येतात.

श्वास कधीच रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते.

मास्कमध्ये पाणी येतं ते बहुतेक वेळा केसांमुळे. कपाळावरची एक बट सिलिकॉनच्या कडेखाली राहिली तरी धार लागते. केस मागे घट्ट बांधा, बोटाने कडेभोवती फिरवून बघा. (मिशीवाल्या भाऊंनी नाकाखालची रेघ कातरून जावं, तिथूनच गळतं.)

भरीत पार्टी (जळगाव):
आपल्या लोकांची एक फसगत सांगतो. "31 अंशच ना, आपल्याकडे मे महिन्यात 45 होतं!" पण आपलं ऊन कोरडं, घाम वाळतो. तिथे वाळत नाही. जाड टॉवेल रात्रभर दोरीवर ओलाच राहतो, पातळ पंचा न्या. स्नॉर्केलिंगमध्ये तोंड पाण्यात आणि पाठ उन्हात, तासाभरात पाठ सोलून निघते. पूर्ण बाह्यांचा कपडा घालूनच उतरा.

संध्याकाळी वाळूवर बारीक माश्या चावतात, चार दिवस खाज जात नाही. उघड्या पायांना खोबरेल चोपडा. खाजवून जखम केली तर समुद्रात उतरता येणार नाही.

शाकाहारी थाळी मिळते, बंगाली वळणाची, तिखट बेताचंच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. थोडी रोख रक्कम ठेवा, नेट गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत.

दादरची भाकर:
खूप आभार! आखणी बदलली. दोनच प्रश्न. एकटीला खर्च कुठे जास्त बसतो? आणि नीलचा नैसर्गिक दगडी पूल कधी बघायचा?

तापीकाठ:
खोली आणि टॅक्सीत बसतो, दोन्हींचे दर माणशी नसतात. एलिफंट बीचची बोट माणशी असते, तिथे एकटेपणाचा भुर्दंड नाही.

पूल फक्त ओहोटीला. भरतीत तिथवर चालताच येत नाही. वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मुक्कामाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. कोकणातला तिथीचा हिशोब तिथे लागू नाही. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि रबरी तळव्याचे बूट घाला, वाट खडबडीत प्रवाळाच्या दगडांवरून आहे, चप्पल सटकते. सुंदर शिंपला दिसला तरी तिथेच ठेवा. विमानतळावर बॅग तपासताना दिसतो आणि प्रवाळ-शंख नेणं गुन्हा आहे.